पीळ

पाकीट बोटीनं आलं, मंगळवारी,
मेंढ्यांच्या लशीच्या खोक्याखाली दबून.
आत एकच पान.
माझं नाव, सुन्नुवा, जन्मतारीख,
आणि एका अक्षराच्या जागी भलतंच अक्षर,
दोन्ही प्रतींत.
तेवढ्यावरून ठरलं
की मी दिवसातून तीनदा
आंबट पूड पाण्यात ढवळून प्यायची, जन्मभर.
"मरेपर्यंत?" मी विचारलं.
"मरू नये म्हणून," मालान डॉक्टर म्हणाली,
आणि लगेच खिडकीबाहेर बघायला लागली.
होग्नी तिच्याच वर्गात होता.

आमच्या सुंब्यात माणसं समुद्र नेतो,
नाहीतर पक्ष्यांची अंडी काढताना कडा नेतो.
अंथरूण कुणाला नेत नाही.
माझा भाऊ कोपनहेगनला शिकायला गेला
आणि सुट्टीत मांस सोडून आला.
मेंढीच्या डोळ्यांबद्दल काहीतरी बोलला जेवताना.
बाबा हसले. आईनं त्याला बटाटे वाढले.
मग साधा ताप, तीन दिवस.
चौथ्या सकाळी त्याचे बूट दाराशी
आणि तो वर, खोलीत,
पांघरूण हनुवटीपर्यंत, एकोणीस वर्षांचा.
पाद्रीबुवांकडे बुडालेल्यांसाठी शब्द होते.
ह्याच्यासाठी त्यांनी पुष्कळ पानं उलटली.

नंतर रक्त घ्यायला माणसं आली.
शाळेच्या त्याच दालनात रांग लागली
जिथे हिवाळ्यात आम्ही हात धरून
साखळीनं नाचतो, तासन् तास,
डावा पाय, डावा पाय, उजवा मागे.
तीनशे वर्षं हेच हात.
कोण कुणाचं कोण लागत नाही इथे?

बाबांच्या पानावर एक चूक, आईच्या पानावर एक.
एकेकटी निरुपद्रवी.
आईनं आपलं पान शिवणाच्या डब्यात ठेवलं, बटणांखाली.
बाबांनी उलटं करून पाहिलं,
मागे काही लिहिलंय का म्हणून.

त्या शरदात त्यांनी
फटींच्या खोपटात दुप्पट मांड्या टांगल्या.
वारा आत जातो, खारट होऊन बाहेर येतो,
आणि मांस काळवंडतं, कडक होतं, वास धरतं.
दर शनिवारी एक तुकडा माझ्या ताटात, चाकूसकट.
"आपले म्हातारे ह्याच्यावरच जगले. पूड कुठे होती तेव्हा?"
मालान म्हणते, मांस चांगलंच,
पण तुझ्यासाठी तेवढ्यानं भागायचं नाही.
हे मी त्यांना सांगितलेलं नाही.
चावून चावून खाते. जबडा दुखतो.

पुडीमुळे घामाला मासळीचा वास येतो.
मालाननं हे फार जपून सांगितलं.
मला हसू आवरेना. ह्या गावात?
मी जाळ्यांच्या शेडमध्ये काम करते,
माझी उशीसुद्धा कॉड आहे!
फक्त एकदा तोर्शहाव्हनला नाटकाला गेले
तेव्हा शेजारची बाई
मध्यंतरानंतर दोन खुर्च्या सोडून बसली.

दिवसभर दोर सांधते.
पदर उकलायचे, एकमेकांत घालायचे, ओढायचे.
एखादा पदर आतून कच्चा निघतो.
त्यापायी दोर कुणी फेकत नाही,
खूण बांधतो लाल, वजन बेतानं टाकतो.
सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात.
मला वाटायचं, हे हट्टी माणसांबद्दल आहे.
आता त्या पानावरच्या चित्रात
दोन धागे एकमेकांना वेटाळून चढत जाताना पाहते
आणि वाटतं, होग्नीला आम्ही मातीत ठेवलं,
त्याचा पीळ इथे ग्लासात चमचा फिरवतोय.

सकाळ, दुपार, रात्र.
रात्रीचा ग्लास सगळ्यात गार.

मग दिवे जातात, जिना वाजतो,
बाबा माझ्या दाराशी येऊन थांबतात.
ठोठावत नाहीत. ऐकतात.
चौतीस वर्षांची बाई मी, जागीच असते.
कूस बदलते,
आणि मुद्दाम, थोडं मोठ्यानं,
घोरते.