जकातघराला कुंपण

जांबोटीच्या अलीकडं, घाटाची वाट जिथं मान वळवते,
तिथं एक खोली, एक पडवी, बाहेर दगडी कट्टा:
मिठाच्या गाड्या अडवायचं घर.
आता अडवण्यासारखं काही येत नाही.
आता यालाच राखायचंय
म्हशींपासून, बाटल्यांपासून,
भिंतीवर बदाम कोरणाऱ्या पोरांपासून.
निधी आलाय. मार्चच्या आत संपवायचाय.
माझ्या टेबलावर 'कुंपण' हा एकच शब्द
आणि पुढं रिकामा रकाना.

नंदगडचा दस्तगीर कॅटलॉग घेऊन आला.
भाले, कमळं, चंदेरी गज, टोकं सोनेरी.
"मॅडम, सासऱ्यांच्या बंगल्याला हेच बसवलंय."
बंगल्याला शोभतही असेल.
मेंबर रायगौडांना सात फुटी काँक्रीट हवं, वर काचा.
"एकदा केलं की पन्नास वर्षं बघायला नको."
ते मात्र खरं,
सात फुटांमागं बघायला कौलंच उरली असती.
काटेरी तार स्वस्त;
शाळेच्या तारेत गेल्या साली एका रेडकाचा कान राहिला.
जाळीचं दोन पावसाळ्यांत पोट सुटतं.
मेंदी लावू, म्हणाले गुरुजी.
पाणी कोण घालणार, यावर सभा उठली.

म्हात्रू गवंडी तोवर काहीच बोलला नव्हता.
तंबाखू मळत, टाचेनं गवत खरवडत
जागेच्या कडेनं निघाला,
हरवलेला विळा शोधत असल्यासारखा.
मग थांबला. "हितं हाय की."
मातीखाली जांभ्या चिऱ्यांची एक ओळ,
शेवाळानं काळी. चुना नाही, सिमिट नाही,
दगडावर दगड आपापल्या वजनानं बसलेला.
आमच्याकडं याला गडगा म्हणतात.
माझ्या नकाशातली रेघ त्याच्यापासून दोन हात पलीकडं.
चुकलं कोण, हे विचारायला
खानापूरला फोन लावला.
रेंज नव्हती.

"उंची किती धरायची?" मी टेप काढला.
"टेप ऱ्हाऊ दे. कट्ट्यावर बसा."
बसले.
"वळणापासनं रस्ता दिसतोय?"
दिसत होता, फुफाट्यासकट.
"जकातवाल्याला बसल्या जाग्यावरनं
बैलांची शिंगं दिसाय पायजेत.
उठाय लागलं तर कसली नोकरी ती?"
त्यानं माझ्या हनुवटीच्या रेषेत काठी धरली
आणि काठीवर नखानं खूण केली.

आज अंदाजपत्रक लिहायला बसलेय.
चिरा जांभा, जुना मिळाल्यास जुना.
पाया खणू नये, आहे त्या ओळीवरच चढवावं.
गिलावा नाही: जांभ्याला घाम येतो, तो जाऊ द्यावा.
उंचीच्या रकान्यात आकडा लागतो;
'बसलेल्या माणसाची हनुवटी' लिहून खोडलं.
फॉर्म कन्नडमधला. गोडे म्हणजे भिंत, बेली म्हणजे कुंपण,
हा तर दोन्हींच्या मधला कुणीतरी.
शेवटी कन्नड अक्षरांतच लिहिलं: गडगा.
साहेब विचारतील तेव्हा विचारतील.

आणि मागच्या अंगाला एक फट.
शांताक्का तिथून ओढ्याकडं जाते, रोज,
डोक्यावर जळणाचा भारा.
तिला वळसा घालायला लावणारं कुंपण
म्हशी तरी काय अडवणार.
फट: एक. दर: नाही. रुंदी: भाऱ्याएवढी.

भारा आडवा धरायचा की उभा,
ते उद्या म्हात्रूला विचारायचं.