बेस्तरवारची अंगनवाडी

नंबर वनमालानं लिहून ठेवला होता
लाइटच्या बिलाच्या मांगं,
तिखटाच्या डब्याखाली.
मी बिल शोधाले गेलो तं नंबर सापडला.
तिनं पाह्यलं, मी पाह्यलं,
कोनी काई बोललं नाई.
फोडनीत मोहरी तेवढी तडतडली.

आमचा जिल्हा कागदावर कोरडा.
तरी भेटे
पराटीच्या धुऱ्यावर, ट्यूबमधी, रातच्या बाराले बी.
सोडाची जागा मात्र
मले धुंडा लागली.

फोनवरचा मानूस म्हने,
बेस्तरवारी, सात वाजता, बोरखेडीची अंगनवाडी.
नाव नाई पुसलं त्यानं.
मी तरी खोटं सांगतलं.

फाट्यावर उतरलो.
पानठेल्यावाला म्हने, कोनाकडं?
जीभ वळली नाई. म्हनलं, मोटर पाहाले आलो.
वायंडिंगचंच काम माह्यं, वीस वर्साचं.
तांब्याच्या तारीचे येढे मोजता मोजता
हात कापे म्हून आकडा चुके,
आकडा चुके म्हून घोटभर घेऊ,
घेतली म्हून सकाळी पुन्हा हात कापे.
ठेल्यावाला म्हने, देवच पावला,
अन् नेलं मले त्याच्या इहिरीवर.
पयला बेस्तरवार असा गेला:
उजेड जाईस्तोर दुसऱ्याची मोटर खोलत,
दूर अंगनवाडीतला बल्ब पाहात.
दोनशे रुपये भेटले.
त्याचं काय केलं, सांगत नाई.

दुसऱ्या खेपेले कडुनिंबाखाली उभा राह्यलो.
आतून हासन्याचा आवाज.
मले वाटलं होतं, आत रडत असतीन.
एक जन बाह्यर आला, लुंगीवाला, लंगडत.
माह्या बाजूले उभा राहून
त्यानं खर्रा घोटला, दोन बोटांनी, लय येळ.
गाव पुसलं नाई, जात पुसली नाई.
फक्त म्हने,
चहा गार होते बावा.

खुर्च्या लेकरायच्या. गुडघे हनवटीले.
भिंतीवर अननस, आई, इमारत.
मले जागा भेटली बानाच्या 'ण'खाली.
त्याच्यापासून कोनताच शब्द सुरू होत नाई,
अन् माह्या तोंडात तं तो येत बी नाई.

लुंगीवाला शालिकबुवा, रिटायर कोतवाल, अकरा वर्सं.
एक पोरगा बँडमधी ट्रम्पेट वाजवे,
लगनसराईले भ्याये.
गोदाबाई दाराजवळ बसे, चपला पायातच.
कोनी सल्ला देत नोतं.
कोनी 'काहून' म्हनत नोतं.
घरात, सासुरवाडीत, ठान्यात
'काहून' आयकून आयकून माह्ये कान किटले होते.

माही पाळी आली.
म्हनलं, मी फोनवर नाव खोटं सांगतलं होतं.
हासले सारे. मी बी.
मंग खरं सांगतलं. नाव, अन् बाकीचं थोडं.
त्या दोनशे रुपयाचं बी.

आता चौदा महिने.
येढे मोजतो, आकडा टिकते.
एखाद्या दिवशी नाई टिकत,
तार उलगडतो, पुन्हा एकपासून.

शालिकबुवा चार बेस्तरवार आला नाई.
पाचव्याले मी गेलो त्याच्या घरी.
ओट्यावर होता. लुंगी सुटलेली, डोये लाल.
सून आतूनच भांडे आपटे.
माह्या तोंडात आलं बी: काहून.
गिळलं.
बाजूले बसलो. त्याचाच खर्रा घेऊन घोटला,
मी खात नाई तरी,
दोन बोटांनी, लय येळ.
म्हनलं, चहा गार होते बावा.
तो भिंतीकडं तोंड करून निजला.

चावी आता माह्याकडं असते.
सव्वासहाले जातो,
लेकरायची सांडलेली खिचडी झाडतो,
खुर्च्या मांडतो.
पानठेल्यावाला परवा म्हने,
ते मोटर अजून चालू हाय बरं.
म्हनलं, आज चालू हाय ना?
तो म्हने, आज तं हाय.

सात वाजता चहा ओततो.
एका कपावर बशी झाकून ठेवतो.