पाव गोळी

मातोझिन्योसच्या बंदरावर धुकं उतरलं की भोंगा वाजत राहतो,
आणि नेमकं तेव्हाच
देओलिंदा माझ्या औषधाच्या दुकानाचं दार ढकलते.

एकतीस वर्षं सार्डिनच्या कारखान्यात.
शेपटीशी धरायचं, एका झटक्यात मुंडकं.
दिवसाला किती, तिनं कधी मोजली नाहीत.
आता काउंटरवर एवढीशी पांढरी गोळी
कापताना अंगठा थरथरतो.
"फिर्मिनो, हिला काटा नाही, तरी घशात अडकते."

नवरा गेला त्या हिवाळ्यात लिहून मिळालेली,
चार आठवड्यांपुरती.
चार आठवड्यांची सहा वर्षं कशी झाली
ते तिला सांगता येत नाही.
मला येतं. दर महिन्याला चिठ्ठी यायची,
मी शिक्का मारायचो,
आणि हवेबद्दल बोलायचो.

गेल्या फेब्रुवारीत तिनं सगळी पाकिटं कचऱ्यात टाकली,
एकदम, नवऱ्याच्या फोटोसमोर शपथ घेऊन.
तिसऱ्या रात्री भिंती सरकू लागल्या.
पाचव्या रात्री शेजारची फेलिस्मिना अनवाणी धावत आली:
ही फरशीवर, जीभ चावलेली.

डॉक्टर इनासिया रागावल्या नाहीत.
कागदावर एक उतार काढला,
चाकाच्या खुर्चीसाठी असतो तसा, लांबलचक.
"इतकं हळू, की पायांना कळू नये.
आणि मला विचारल्याशिवाय एकही पायरी नाही."

जूनमध्ये, सां जुआंवच्या रात्री,
गल्लीभर निखाऱ्यांवर सार्डिन तडतडत होत्या.
हिनं वाइनचा पेला उपडा ठेवला.
"ही आणि ती, एका घरात नांदत नाहीत."
फेलिस्मिनानं हळूच एक गोळी मागितली, झोप लागत नाही म्हणून.
"माझा चष्मा लावून दिसेल का तुला?
उद्या चल, इनासियाकडे नेते."

परवा पुन्हा दोन आठवडे मागच्याच मापावर थांबावं लागलं.
रडली. मग माझ्याच रुमालाला नाक पुसलं,
तो परत दिला नाही.

आज धुकं आहे. कोपऱ्यावरच्या बेकरीतून आलीय ती,
कोटाला भट्टीचा वास.
गोळीचे चार तुकडे मी केले, डबीत तिनं भरले,
एक टेबलाखाली गेला तो दोघांनी गुडघ्यांवर शोधला.

पिशवीत पाव. डबीत पाव.
दारात थांबून म्हणाली,
"त्या सहा वर्षांत तू एकदा तरी विचारायचंस, फिर्मिनो."

भोंगा वाजला.
मी शिक्क्याची शाई पुसत राहिलो.