पहिला हात

हार्डवेअरवाल्या शाबलोकडे तीनच रंग होते :
काळा, चंदेरी, आणि शाळेच्या बसचा पिवळा.
मिथिलानं पिवळ्यावर बोट ठेवलं,
माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

रायफल सेकंडहँड. म्हापशाच्या एका मुलाची,
तो आता स्विंडनला गोदामात कामाला.
हवेवर चालते, परवाना लागत नाही.
दस्त्यावर त्याच्या गालाचा घाम काळा होऊन बसलेला.
चारशे नंबरच्या पॉलिश पेपरनं
पाण्यात बुडवून बुडवून घासला, अख्खा रविवार.
दुसऱ्याचा गाल असा सहजी जात नाही.

नळीच्या तोंडाला टेप.
चापाला टेप. नेमाच्या माशीला टेप.
आंधळी, मुकी, बोटं बांधलेली
ती बाकड्यावर पडली होती
आणि मिथिला म्हणाली,
ऑपरेशनला नेताना आजो असेच दिसत होते.

आप्पांची बंदूक हवेची नव्हती.
दर निवडणुकीला ती डिचोलीच्या ठाण्यात जमा व्हायची,
निकाल लागला की परत यायची
गळ्यात नंबराची चिठ्ठी घेऊन,
जत्रेत हरवून सापडलेल्या पोरासारखी.
बागायतीत माकडं शिरत. आप्पा हवेत बार काढत.
एकदा हवेत नाही काढला.
त्या संध्याकाळी विहिरीवर त्यांनी
अंगावर किती घागरी ओतल्या, मी मोजत होतो.
सतरा.
पुढं बंदूक खिळ्याला
आणि केळी माकडांना.

डब्यात गोळी असते हे मला ठाऊक नव्हतं.
हलवला की खडखडते.
दोन मिनिटं हलवा, असं बाजूला लिहिलेलं.
मी वायरमन. खांबावर हात कापत नाही माझा.
इथं परसात, फणसाच्या फांदीला
तारेनं टांगलेल्या तिच्यासमोर
एका वितीच्या अंतरावर कापला.

पहिला हात जाडच बसला.
दस्त्याखाली ओघळ आला,
पुसायला गेलो तर बोटच उमटलं.
कुंपणापलीकडून क्लेमेंतिना :
"हवेची? म्हणजे कुणाला लागत नाही?"
"लागते. कागदाला."
"मग बरं," म्हणाली
आणि सुंगटं सोलत राहिली.

चारच्या सुमाराला खाणीचे ट्रक सुरू झाले,
पिळगावच्या वाटेनं, एकामागून एक.
ताडपत्री कितीही आवळा, जे सांडायचं ते सांडतं.
ओल्या पिवळ्यावर बारीक तांबडं बसू लागलं.
काही सुचेना. कमरेची लुंगी सोडली,
दोन्ही हातांनी आडवी धरून उभा राहिलो.
आत चड्डी होती,
तरी क्लेमेंतिनानं तोंड फिरवलं.
मिथिला हसून हसून पायरीवर बसली.

दुसरा हात तिनं मारला.
डबा उभा धरून,
अर्धा श्वास सोडून, अर्धा ठेवून,
कोचनं शिकवलंय तसं.
या टोकाच्या बाहेरून सुरू,
त्या टोकाच्या बाहेर बंद.
कुठं थांबली नाही, कुठं ओघळली नाही.
हा हात माझ्याकडून आलेला नाही.
आप्पांकडून आला असेल, असं मनात आलं
आणि मी डब्याचं टोपण शोधायला लागलो.

रात्री दव पडतं म्हणून आत आणली.
ओली वस्तू टेकवून ठेवता येत नाही.
घरात रिकामा खिळा एकच.
तो कुणी कुणाला दाखवला नाही,
तिनंच स्टूल ओढलं.

सकाळी भिंतीवर पिवळी रेघ होती
आणि मिथिला पणजीच्या बसमध्ये.

दस्त्याखाली माझं बोट अजून आहे,
दुसऱ्या हाताच्या आत.
घासून काढतो म्हटलं, तर म्हणाली,
राहू दे.
पकड येते.