रकाना सातवा

एजी ऑफिसात बत्तीस वर्षं हिरव्या शाईनं
लोकांच्या व्हाउचरांवर आक्षेप घेतले.
आता जिन्सी नाल्यावर, मुबीन मिस्त्रीच्या शेडमध्ये
उकिडवा बसून
चोपन्नच्या शेव्हरोलेचं पोट वाचतो.

रॉकेलचं फडकं, तारेचा ब्रश, नातीचा आरसा.
काजळी सुटते तसा ब्लॉकवर आकडा उगवतो:
सी, अकरा, चार.
मार्चची अकरा तारीख, सन चोपन्न.
गाडी एप्रिलातली. जुळलं.
भाग गाडीच्या आधी जन्मावा लागतो,
फार आधीही नाही.
स्थळ बघायला आलेली मावशी
पत्रिका न मागता वय काढून घेते,
तसा मी, हसत हसत, पण सोडत नाही.

काचेच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं जुळली.
डायनॅमोची पाटी खरी, रिवेट कालचे;
दुसऱ्याच कुणाच्या अंगावरून काढून ठोकलेली.
आक्षेप.
हॉर्नची कडी फारच चकाकते.
खरं क्रोम जरा निळसर असतं, दमलेलं.
आक्षेप.
सोळा बोल्टांपैकी अकरांच्या माथ्यावर अक्षरं,
उरलेले पाच लोहिया बाजारातले, बोडके.

मालकांना सगळं जसंच्या तसं हवंय.
जयपूरला परीक्षक येतात म्हणे, त्यांच्याकडेही आरसा असतो.

मग कार्ब्युरेटरपाशी ती स्प्रिंग.
आकडा नाही, अक्षर नाही, वेढे दोन जास्त.
खेचली तर परत येते सावकाश,
घाई नसलेल्या माणसासारखी.
मी पेन उघडलं.
मुबीन म्हणाला, बाबूजी, ये करघे की है.
बिर्लानगरची मिल, तीन नंबरचं खातं.
अब्बांनी एकोणसत्तर साली डब्यातून बाहेर काढली,
रोटीखाली.

मिल कुठंय आता.
माग वजनावर गेले. भोंगाही गेला;
त्याच्या वेळेला अजून काही म्हातारे
चहाचं आधण ठेवतात तेवढंच.
त्या अख्ख्या मिलचा, माझ्या माहितीत,
हा एकच मूळ भाग शिल्लक,
तोही चालू स्थितीत.

फॉर्मवर रकाने सहा:
भाग, क्रमांक, तारीख, जुळतो, जुळत नाही, शेरा.
मी पट्टी घेऊन सातवा आखला.
वर काय लिहायचं ते सुचेना.
मुबीननं बरोबर नंबराची स्प्रिंग
पुडीसकट माझ्यापुढे ठेवली
आणि चहा सांगायला गेला.
तो येईपर्यंत निबावरची शाई वाळली होती.