ओल

जिनिंगच्या काट्यावर वजन पुकारताना
शालिक उरकुड्यांची जीभ जड झाली.
उजव्या हातातून पावतीबुक गळालं.
वीस मिनिटं.
मग सगळं जसंच्या तसं.

"काई नाई बाप्पा, चक्कर होती,"
म्हणतात, आणि खाटेखाली चप्पल शोधतात.
कापसाच्या गाड्या खोळंबल्यात म्हणे.

मी केसपेपरच्या मागे मांडते:
वय एकसष्ट, त्याचा एक.
बीपी एकशे सत्तर, एक.
एका अंगातली ताकद गेली, तिचे दोन.
वीस मिनिटांचा एक.
"साखर हाय न त्याईले," दारातून बायको.
सहा.

सहा म्हणजे, काका,
अशा शंभरातल्या आठांना
दोन दिवसांत लकवा.

ते हसतात.
"आठ टक्के ओल असली
तं आमी माल पास करतो, म्याडम."

पुस्तकात शंभर माणसं होती.
खाटेवर हे एकटेच,
आठ टक्के कोणी आजारी पडत नाही.

मी विचारते, "आणि वरून कोरडा दिसला तर?"

"तं हात आत घालतो. कोपरापर्यंत."

बोलले,
आणि आपल्याच पंजाकडे बघत राहिले.
एका पायात चप्पल.
एकशे आठ अजून मारेगावच्या फाट्यावर.