तेवीस पिवळ्या ओळी

काल रात्री देखरेखीची नवी आवृत्ती चढवली,
आज सकाळी सेइनायोकीच्या दूधसंघात
तेवीस ओळी पिवळ्या.

बंद काहीच पडलेलं नाही.
टाक्या चार अंशांवर, टँकर वेळेवर,
बाहेर उणे एकोणीस,
आणि तुइरे हेइक्किनेन कोट न काढताच
पडद्यासमोर उभी.

जुन्या तपासण्या साध्या होत्या, नाडी बघायच्या:
श्वास चालू आहे? ताप? डिस्क भरत आली?
या नव्या मात्र घरात शिरून विचारतात,
रात्री कडी लावता का,
किल्ली कुणाकुणाकडे आहे,
आणि शेजारणीकडे ठेवलेली
परत कधी घेतलीत?

नऊ वर्षं हिरवागार दिसणारा सर्व्हर
दार सताड उघडं टाकून झोपत होता.

पासवर्ड : कधीच न संपणारा.
बॅकअप : जिथे मूळ, तिथेच प्रत.
फायरवॉलमध्ये एक भोक, त्याच्या शेजारी शेरा :
'तात्पुरतं. सोमवारी काढणे.'
फाइल दोन हजार चौदाची.
अब्दिरिसाक, गेल्या महिन्यात लागलेला, मान वाकडी करून वाचतो.
म्हणतो, कुठला सोमवार ते लिहिलेलं नाही ना.

दुपारपर्यंत बावीस ओळी मिटल्या.
तेविसावीपाशी घोडं पेंड खातं :
एकोणचाळीस यंत्रं ज्याला वेळ विचारतात
तो यादीतच नाही.

वायरीचा माग काढत दोघं
दही विभागाच्या जिन्याखाली.
झाडू, बादल्या, कुणाचा तरी एक बूट,
आणि मागे राखाडी डबा, पंख्याला खरखर,
कपाळावर चिकटपट्टी,
तिच्यावर उर्पोचं तिरकं अक्षर :
बंद करू नका. मी सांगेपर्यंत.

उर्पो सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाला.
तळ्यावर असतो, बर्फाला भोक पाडून
त्यात गळ सोडून बसलेला.
फोन उचलतो. बराच वेळ नुसता वारा.
'चालतंय अजून?'
मग, 'किती चुकतंय?'
सेकंदाचा तिसरा हिस्सा, ती सांगते.
'माझं घड्याळ त्याहून जास्त चुकतं.'
आणि मासा लागला म्हणून ठेवून देतो.
बंद कर, असं काही म्हणत नाही.

आता पडद्यावर चौकट.
अपवाद मान्य? कारण लिहा, किमान दहा अक्षरं.
ती लिहिते, 'जुनं आहे, पण'. पुसते.
'सगळ्यांनी त्याचीच वेळ खरी धरली'.
हे कारण नव्हे, ही कबुली. तेही पुसते.
खाली पाळी बदलते, जिन्यावरून बूट वाजत जातात,
जिन्याखालच्या वेळेप्रमाणे बरोबर तीन वाजता.

शेवटी लिहिते,
'तात्पुरतं. सोमवारी काढणे.'
बटणावर बोट नेते. थांबते.
कर्सर मागे नेऊन
सोमवारच्या आधी
तारीख घालते.